चार दुधाळ तारा

४ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस, पण पत्राला चार ओळींचं का होईना उत्तर देतोस. म्हणून मी, तुझी शेपूट, आज चक्क कागद विकत आणून बसलेय.

बातमी अशी की मला नोकरी लागली. प्रयोगशाळेत! हसून झालं की पुढे वाच. दहावीचं गणित दोनदा दिलेल्या पोरीला तिथे कुणी घेतलं, असं बाबांनीही विचारलं. बाईंनी घेतलं. बाई म्हणजे तिथल्या मुख्य. त्यांनी माझे मार्क बघितलेच नाहीत. सुयांची डबी आणि दोऱ्याचं रीळ पुढ्यात ठेवलं नि म्हणाल्या, "वीस सुया ओव. घाई नाही." मी ओवायला लागले. सतराव्या सुईला म्हणाल्या, "पुरे. तुझा हात हलत नाही." दादा, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हाताचं कौतुक केलं. एरवी आपल्या घरात कुणी सांडलं, कुणी लपवलं, कुणी मोडलं, सगळ्याला उत्तर एकच. माझा हात.

आता काम ऐक, तुझ्या मतलबाचं आहे. साखर बघायला तू दिवसातून चार वेळा बोट टोचतोस. खरं तर आठ वेळा, कारण आता दर वेळी दोनदा टोचतोस असं मागे लिहिलं होतंस. तर इथे केसाएवढी तार बनवतात. ती कातडीखाली ठेवायची. ती आतल्या आत साखर मोजत बसते आणि आकडा बाहेर पडद्यावर येतो. टोचाटोची बंद. सध्या ती मेंढ्यांच्या मानेत बसवतात.

भानगड अशी की शरीराला आगंतुक पाहुणा खपत नाही. तार आत गेली रे गेली की रक्तातलं काहीबाही चिकट येऊन तिला बिलगतं. त्याच्यावर पेशी येऊन बसतात. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिच्याभोवती चक्क भिंत बांधून मोकळं होतं. मग साखर तिच्यापर्यंत पोचतच नाही आणि ती कमी-कमी आकडे सांगत सुटते. खरी साखर तीनशे, ही म्हणते ऐंशी.

सकाळी उठल्या उठल्या दातांवरून जीभ फिरवून बघ. तो बुळबुळीत थर लागतो ना, त्याचाच हा भाऊबंद. मी विचारलं, "बाई, मग दात घासतो तशी तार घासायची." बाई म्हणाल्या, "आत ब्रश घेऊन कोण जाणार? तू?" म्हणून तारेला आधीच एक थर द्यायचा, ज्याच्यावर काही चिकटणारच नाही. ते माझं काम. तार जेलमध्ये बुडवायची, हळूहळू वर काढायची, वाळवायची. मला तिथे 'बुडवणारी' म्हणतात. बाबा तर लहानपणापासून म्हणायचे, ही सगळं बुडवणार.

तू बेशुद्ध पडलास त्या दिवसाबद्दल मला तुला एक सांगायचंय. सहा वर्षं झाली. सांगते. आधी नोकरी तर टिकू दे.

तुझी शेपूट


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मोजलं. सहा वाक्यं! प्रगती आहे. त्यातली तीन "काळजी घे" छापाची, एक "तो थर कशाचा?" आणि शेवटची दोन अशी: "त्या दिवसाचं सांगायचं काय राहिलंय? मी आकडा चुकीचा वाचला, विषय संपला."

थराचं सांगते.

मी आधी समजत होते की तो तेलकट असणार. तव्यावर तेल असलं की काही चिकटत नाही, तसा. साफ उलटं निघालं! तो थर पाण्याचा भुकेला असतो. इतका, की आजूबाजूचं पाणी ओढून अंगाभोवती घट्ट धरून ठेवतो. चिकटायला आलेल्याला तार सापडतच नाही, हाताला नुसतं पाणीच लागतं, मग तो पुढे निघून जातो. पाण्याचं पांघरूण घेऊन लपायचं, आहे की नाही डोकं? मी तीन रात्री हाच विचार करत होते की मग बोटात काटा रुतला की शरीर त्याला पू करून बाहेर ढकलतं, पण या तारेला मात्र भिंत घालून आतच ठेवतं, असं का? बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "बाहेर काढता आलं नाही की गाडून टाकायचं." एवढं सरळ उत्तर आपल्या शाळेत कुणी दिलं असतं तर मी गणितातसुद्धा पास झाले असते.

माणसं सांगते. मेंढ्यांना बघणारे मामा. ते माणसांशी कमी आणि मेंढ्यांशी जास्त बोलतात, आणि मेंढ्यांना अहो-जाहो करतात. दुसरा चष्मा. हा इंजिनियर. आधी चष्मा खोलीत येतो, मग तो. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा, पण "आमच्या वेळी" असं म्हणतो. बुडवायचं मशीन त्याचं, वाळवायची काचेची पेटी त्याची. पेटीतल्या हवेत ओल चाळीस टक्के हवी, जास्त नाही, कमी नाही. दर पंधरा मिनिटांनी काट्यावर बघून मी रजिस्टरात आकडा लिहायचा. मी विचारलं, "चाळीसच का?" म्हणाला, "पुस्तकात आहे." मी म्हटलं, "पुस्तकवाल्याने पन्नास करून बघितलं होतं का?" तर म्हणाला, "तू बुडव."

बाबा अजून तेच म्हणतात, एवढा घोडा झाला होता, साधा आकडा वाचता येईना. बस चालवायच्या नोकरीच्या तपासणीत तुला नापास केलं, त्याचाही दोष तुलाच. मी ताट उचलून आत जाते.

तुझी शेपूट


१५ मार्च

दादा,

आज एवढी हसलेय की पोट दुखतंय, म्हणून तुला लिहिते, नाहीतर फुकट जाईल.

मेंढ्या सहा, प्रत्येकीला दोन तारा, मानेच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. म्हणजे बारा तारा. आज दुपारी शेवटच्या चार पेटीत वाळत होत्या. चष्मा दर दहा मिनिटांनी येतो, पेटीची झडप उघडतो, नाक आत घालतो आणि बाळाकडे बघावं तसं तारांकडे बघतो. पेटीच्या मागे एक भोक आहे, वायर जायला. मी चहाची विजेवरची केटली भोकामागे ठेवली, तोंडाला रबराची नळी लावली, नळी भोकात सरकवली, बटण दाबलं.

तो आला. झडप उघडली. नाक आत घातलं. आणि फस्स! दोन्ही काचा पांढऱ्याफटक. "अरे! अरे! मला दिसत नाही!" करत मागे वळला तो थेट दारातून आत येणाऱ्या मामांच्या छातीवर. मामा म्हणतात, "अहो, सांभाळा." त्याला वाटलं, मामा मेंढीशीच बोलताहेत. खरंच! "मामा, ती आत कशी आली?" म्हणाला.

मी जिन्याखाली बसून शर्टाची बाही तोंडात कोंबून हसत होते. तोवर अर्धापाऊण तास गेला असेल. परत येऊन केटली काढली, नळी खिशात. रजिस्टरात तीन रकाने रिकामे होते. चाळीस, चाळीस, चाळीस. तारांवर जरासा दुधाळपणा आल्यासारखं वाटलं, पण निळ्या दिव्याखाली धरून पक्क्या केल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. पाचवी आणि सहावी मेंढी, त्यांना बसवल्या.

त्याला अजून कळलेलं नाही. पेटीत बिघाड म्हणून उद्या पेटी उघडून बसणार आहे बिचारा.

तुझी शेपूट


२ मे

दादा,

इथे सगळ्यांना वेड लागलंय. मलाही.

पहिल्या चार मेंढ्यांच्या तारा ठरल्याप्रमाणे तिसऱ्या आठवड्यात घसरल्या. पाचवी आणि सहावी? सहा आठवडे झाले, अजून बरोबर. रक्त काढून तपासलं तर एकशे चार, तार म्हणते एकशे सहा. बाई पडद्यासमोर उभ्या राहून नुसत्या "हं" म्हणतात. चष्मा दिवसभर उत्तर शोधतोय.

"मामा, या दोघींना वेगळा चारा देता का?"

"नाही हो. त्या दुसऱ्यांचाही खातात, एवढंच."

"वय?"

"बाईमाणसाचं वय विचारू नये."

शेवटी चष्म्याने शोध लावला की त्या दिवशी निळा दिवा नवा बसवला होता, म्हणून थर जास्त पक्का झाला. सगळ्यांना पटलं. बाईंनी कृती लिहून काढली: अमुक जेल, ओल चाळीस, नवा दिवा. आता माणसांवर. आठ जण हवेत, दंडात तार घालून घ्यायला, सहा आठवडे.

मला मात्र झोप नाही. नवा दिवा बाराही तारांना होता रे, पहिल्या चार मेंढ्यांच्या आठ तारांनाही. मी स्वतः धरल्यात. मग या चारच का? मी काल जेवणाच्या सुट्टीत घरून आणलेला साबणाचा चुरा दोन बशांत ठेवला, एक बशी कोरडी, एक वाफेवर. कोरडीतला तसाच राहिला. वाफेवरचा फुगला, मऊ झाला, बोट लावलं की सटकन निसटतं.

पाण्याचा भुकेला थर. वाळायच्या आधीच त्याला पोटभर पाणी मिळालं.

म्हणजे केटली.

हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा इतका आनंद झाला की मी उडीच मारली. आणि पाय जमिनीला टेकायच्या आत रजिस्टरातले तीन चाळीस आठवले.

सांगितलं तर नोकरी गेली. रजिस्टरात खोटं लिहिणाऱ्याला बाई दारात उभं करत नाहीत, आधीच्या बुडवणाऱ्याला त्याच कारणाने काढलं होतं. नाही सांगितलं तर... काही नाही. पहिल्यासारख्याच तारा बनतील. थांब, विचार करू दे.

तुझी शेपूट


१४ मे

दादा,

तुझं पत्र आज आलं. तुझ्या गावातल्या दवाखान्यात त्या आठ जणांसाठी नावं घेताहेत आणि तू दिलंस? लिहितोस, "शेपटीने बुडवलेली तार असेल तर घालून घेईन. सहा वर्षांनी पहिल्यांदा एखाद्या आकड्यावर भरवसा ठेवावासा वाटतोय."

नाव मागे घे. उद्याच्या उद्या. कारण पुढच्या पत्रात. हे पत्र मी पळत जाऊन टाकणार आहे.

शेपूट


१२ जून

दादा,

नाव मागे घेतलंस ते कळलं. का ते विचारलं नाहीस, हे तुझं नेहमीचंच. आता सगळं सांगते, आणि क्रमाने सांगते, नाहीतर मध्येच विनोद करून पळ काढीन.

सोळा तारखेला बाईंच्या टेबलाशी गेले. चष्माही तिथेच होता.

"बाई, रजिस्टरातले तीन आकडे खोटे आहेत."

"कुठले?"

"यांच्या चष्म्यावर धुकं आलं होतं त्या दुपारचे."

चष्मा उभाच राहिला. "ती तू होतीस? मी दोन दिवस पेटी खोलून बसलो होतो!"

"तुमचं काही बिघडवायचं नव्हतं. गंमत करायची होती."

बाई हसल्या नाहीत. "खरी ओल किती होती?"

"माहीत नाही. काट्याकडे बघितलंच नाही. हसत होते."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "तुझ्या या चाळीसच्या भरवशावर आठ माणसांच्या दंडात तारा गेल्या असत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या चुकीचं सांगायला लागल्या असत्या. माणूस आकडा बघतो आणि त्यावर औषध घेतो, गं. आकडा खोटा आहे हे त्याला कोण सांगणार होतं?"

"मला माहितेय बाई."

"तुला काय माहितेय?"

मग मी त्यांना ते सांगितलं. तुझ्या आधी त्यांना सांगितलं, याचाही राग धर. पण तोंडातून एकदा निघाल्याशिवाय कागदावर उतरत नव्हतं.

दादा, त्या दिवशी तू आकडा चुकीचा वाचला नव्हतास. मीटरवर खरंच चारशे बारा होते. मी वाटीभर पाण्यात साखर विरघळवून तुझ्या टॉवेलाला चोळली होती. मला बघायचं होतं, मीटर फसतं का. तू हात धुतलेस, टॉवेलाला पुसलेस, बोट टोचलंस. मी दाराआड होते. "फसला, फसला!" म्हणून ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण तू आकडा बघितलास आणि तुझा चेहरा असा झाला की मी ओरडलेच नाही. तू इन्सुलिनची मोठी सुई भरलीस. मी बघत होते. वाटलं, आता सांगितलं तर मार बसेल. वाटलं, रोजच घेतोस, एक जास्तीची घेतलीस तर काय होणार. मी तेरा वर्षांची होते हे खरं, पण एवढंही लहान वय नाही ते. पाऊण तासाने तू स्वयंपाकघराच्या दारात पडलास.

आई-बाबा तुला घेऊन दवाखान्यात गेले आणि मी टॉवेल धुतला. दोनदा. वाळत घातला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, एवढीशी पोर, पण किती शहाणी, घर आवरतेय."

मग बाबा तुला जे बोलले ते मी ऐकलं. महिनाभर ऐकलं. तू म्हणायचास, मी नीट वाचला होता, चारशे बाराच होते. एक दिवस तू तेही म्हणायचं सोडलंस. स्वतःलाच खोटं ठरवलंस. मग तपासणीत नापास झालास, मग गेलास. सगळ्यांना माझ्या खोड्या माहीत होत्या, पण ही माझी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, एवढी ती मोठी होती.

माफ कर असं लिहीत नाही. ते तू ठरव. तुझे डोळे ठीक होते, तुझं डोकं ठीक होतं, एवढंच तुला कळायला हवं होतं, आणि ते सहा वर्षं माझ्याकडे पडून होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्याकडे खोडायचं नसतं. चुकलेल्या आकड्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, सही करायची. मी तीन रेघा मारल्या आणि तीन वेळा लिहिलं, माहीत नाही. बाई म्हणाल्या, "महिनाभर तारांना हात लावायचा नाही. बाटल्या धू. तुझा हात चांगला आहे, पण माझ्या कामाला नुसता हात पुरत नाही." काढलं मात्र नाही. माणसांवरचा प्रयोग पुढे ढकलला. चष्मा आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी बाटल्यांपाशी येऊन उभा राहिला.

"केटलीत पाणी किती होतं?"

"अर्धी."

"नळी केवढी?"

मी खिशातून काढून दिली. त्याला हसू आवरेना.

आम्ही केटलीची तीच दुपार परत केली, या वेळी काट्यासमोर बसून. म्हणजे करणारा चष्मा, आकडे वाचणारी मी. ओल साठला काही नाही. सत्तरला जरासं. अठ्ठ्याहत्तरला दुधाळ. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या थराला पावासारखी बारीक बारीक भोकं दिसतात, सगळी पाण्याने भरलेली. तशा बारा तारा सहा नव्या मेंढ्यांत आहेत. आज अकरावा दिवस. टिकतील का, कुणालाच माहीत नाही. सकाळी मामांच्या आधी जाऊन मी पडद्यासमोर उभी असते. तू परत नाव देऊ नकोस. देशीलच तर सगळे आकडे आधी मागून घे, मी रेघ मारलेलेसुद्धा.

काल संध्याकाळी आई-बाबांना सांगितलं. दोघांनाही समोर बसवून, टॉवेलासकट.

मी मार खायच्या तयारीने उभी होते. बाबा म्हणाले, "मी त्याला काय काय बोललो."

आई म्हणाली, "मला पाठ आहे. सांगू?"

बाबांनी मान हलवली. आणि आईने सांगितलं, दादा. एकेक वाक्य, भाजी निवडता निवडता, आवाज न चढवता. बाबा ऐकत होते. संपल्यावर उठले, चपला घातल्या आणि माझ्यापुढे हात केला. "पत्ता दे त्याचा."

मी दिला नाही. तू तो फक्त मला दिलायस. म्हटलं, "त्याला विचारल्याशिवाय नाही."

मला वाटलं आता ओरडतील. नाही ओरडले. रात्री चपला काढल्या असतील, पण आज उजाडताच परत घालून बसलेत, दाराजवळच्या स्टुलावर. मी लिहितेय आणि ते माझ्या पेनाकडे बघताहेत. तू हो म्हणालास तर पत्ता देते. नाही म्हणालास तर तेही त्यांना मीच सांगेन.

तुझी धाकटी